ज्याच्या सोबतीला कुणी नाही

विश्रामबाग, सांगली
८ जुलै २०२४

आदरणीय मार्थाबाई,

सप्रेम नमस्कार. आपली ओळख नाही. मिरजेच्या प्रांजल लोंढेने तुमचा पत्ता दिला आणि म्हणाली, "बाईंना फोन करू नका, फोनवर त्या हो-नाही एवढंच बोलतात. पत्र टाका, मग बघा."

मी श्रद्धा मगदूम. समाजकार्य विषयात पीएच.डी. करते. सांगली-सातारा भागातल्या ख्रिस्ती तरुणांच्या सेवाभावी संस्था हा माझा विषय. वडिलांचं हळदीचं दुकान आहे, आम्ही जैन. हाच विषय का घेतलास, असं घरी आणि बाहेर दोन्हीकडे विचारतात. २०१९च्या पुरात आम्ही गावभागात राहत होतो. तळमजला पाण्यात गेला होता आणि आजीच्या गोळ्या संपल्या होत्या. तेव्हा चार मुलं होडीतून आली, चिठ्ठी घेऊन गेली आणि संध्याकाळच्या आत गोळ्या आणून दिल्या. कुठले तुम्ही, असं विचारलं तर म्हणाली, "मिरजेच्या चर्चमधले." मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथे ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिच्यातली तरुण मुलं असं काही करतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. याची मला लाज वाटली. विषय तिथून सुचला.

आतापर्यंत बऱ्याच मंडळांना भेटले. कुणी वसतिगृह चालवतं, कुणी रक्तदान शिबिरं भरवतं. पण तुमचं सोबत मंडळ सगळ्यांपेक्षा वेगळं वाटलं. इस्पितळात ज्या पेशंटच्या सोबतीला कुणी नाही, त्याच्याजवळ ही मुलं नुसती जाऊन बसतात. हे सुरू कसं झालं, ते तुमच्याकडूनच ऐकावं, असं प्रांजल म्हणते. सोबत प्रश्नावली जोडली आहे.

आपली,
श्रद्धा मगदूम

•

पाचगणी
२० जुलै २०२४

प्रिय श्रद्धा,

प्रश्नावली परत पाठवते आहे. राग मानू नकोस. "संस्थेच्या कार्यामागील प्रेरणा" असं लिहून पुढे चार चौकोन दिले आहेस, त्यांतल्या कुठल्या चौकोनात खूण करायची ते मला कळेना. त्यापेक्षा झालं तसं सांगते.

मी तेव्हा मिरजेला पुरुषांच्या वॉर्डात सिस्टर होते. आता पाचगणीला भाच्याकडे असते, तो इथल्या एका बोर्डिंग शाळेत शिकवतो. मंडळाचं मात्र अजून इथूनच बघते. तर, जतच्या बाजूचा एक धनगर साप चावून आला होता. जीव वाचला, पण तो बोलेचना. आठवडा गेला. डॉक्टरांना वाटलं, विषाने वाचा गेली. त्याच वेळी आमच्या चर्चच्या तरुण संघाची मुलं वॉर्डाच्या खिडक्यांना जाळ्या बसवायला आली होती. दुपारी त्यांतला एक मुलगा जागा नाही म्हणून ह्या धनगराच्या खाटेवर टेकला आणि डबा उघडून खाऊ लागला. तो डावखुरा होता. तो धनगर एकदम म्हणाला, "आरं, डाव्या हातानं भाकरी खातोस, आईनं शिकवलं न्हाई व्हय?"

सगळा वॉर्ड बघत राहिला. माणूस मुका नव्हता. इंजेक्शन, ताप, लघवी यांपलीकडे त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं. त्यात मीही आले. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी त्या मुलांना सांगितलं, जाळ्या पुरे, आता येऊन बसा. इतकीच सुरुवात.

नियम पहिल्यापासून तेच आहेत. जात-धर्म विचारायचा नाही. पेशंटने स्वतः म्हटल्याशिवाय प्रार्थना नाही, भजन नाही, पुस्तक नाही. काही घ्यायचं नाही. आणि खाटेपाशी जे ऐकलं ते वॉर्डाबाहेर न्यायचं नाही. पूर्वी एक अभ्यासक आले होते. चहा पिऊन गेले आणि लिहिलं, की ही मंडळी आजारी माणसं गाठून धर्म वाढवतात. त्यांनी वॉर्डात पाऊलही टाकलं नव्हतं. म्हणून मी जरा सावध असते. तुझ्या होडीच्या गोष्टीमुळे मात्र लिहावंसं वाटलं.

वॉर्डात जाऊन बघ आणि मग जे दिसेल ते लिही. वाईट दिसलं तरी.

तुझी,
मार्था रणपिसे

•

विश्रामबाग, सांगली
२ सप्टेंबर २०२४

प्रिय बाई,

तुमचं पत्र माझे मार्गदर्शक चौगुले सरांना दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "प्रश्नावली बाजूला ठेव, निरीक्षण कर. पण नुसतं निरीक्षण. मध्ये पडायचं नाही." रुग्णालयाची परवानगी घेतली, नाव-गाव गुप्त ठेवीन असं प्रत्येकाला लिहून दिलं आणि महिनाभर वॉर्डात जात राहिले.

काय सांगू? मला वाटलं होतं, ही मुलं पेशंटला धीर देत असतील, समजूत घालत असतील. तसलं काही नाही. कुणी डब्याचं झाकण उघडून देतं, कुणी तासभर क्रिकेटबद्दल वाद घालतं. नर्सिंगचा अभ्यास करणारी एक मुलगी पुस्तक वाचत बसली होती आणि खाटेवरची म्हातारी तिच्याकडे बघत शांत झोपली होती. मी म्हटलं, तू तर काहीच करत नाहीस. ती म्हणाली, "त्यांना जाग येईल तेव्हा मी दिसले पाहिजे."

सगळ्यांत जास्त शिकले ती प्रांजलकडून. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते हे तुम्हाला ठाऊकच आहे. ड्युटी संपली की तशीच वॉर्डात येते. कुणाला कुठे बसवायचं, हे ती इतक्या सहज ठरवते. चिडक्या म्हाताऱ्याजवळ बडबडी मुलगी, लाजऱ्या बाईजवळ गप्प बसणारी. एकदा मी विचारलं, हे कसं जमतं? तर म्हणाली, "मी वसतिगृहात वाढले. कोण कुणाजवळ बसल्यावर रडायचं थांबतं, हे तिथे रोज बघत होते."

सध्या इथे बनुबाई म्हणून माण तालुक्यातल्या एक आजी आहेत. (आजींना विचारूनच तुम्हाला लिहितेय; नाव बाहेर जाणार नाही याची तुम्हीही काळजी घ्याल.) खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालंय. मुलगा शिवतेज सैन्यात हवालदार. सून मंगल पहिले काही दिवस सोबतीला होती. पण घरी लहान मुलं, शेळ्या-मेंढ्या, तिला जावं लागलं. जाताना मंगलने प्रांजलचा हात धरून "आत्याबाईंना बघा" एवढंच म्हटलं आणि डोळे पुसत गेली. तेव्हापासून प्रांजल स्वतः बसते. आजी तिला "गड्या" म्हणतात. मी हे वहीत लिहून घेताना त्यांनी विचारलं, "ही काय लिवती गं सारखं?" प्रांजल म्हणाली, "आजी, ती आपली परीक्षा घेतेय." आजी म्हणाल्या, "मग पास कर बाई हिला, लय राबती."

मी प्रबंधात हे कसं मांडणार, कळत नाही. पण पास केलंय.

तुमची,
श्रद्धा

•

पाचगणी
१९ सप्टेंबर २०२४

प्रिय श्रद्धा,

तुला बहुधा कळलं असेल. तुझ्या त्या बनुबाईंच्या मुलाने रुग्णालयाकडे लेखी तक्रार केली आहे. त्याने आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा प्रांजल त्याच्या आईजवळ बसून येशूचं भजन म्हणत होती. आजारी, असहाय बाईवर धर्म लादतात, असं त्याने लिहिलं आहे. चौकशी होईपर्यंत मंडळाला वॉर्डात येणं बंद. व्यवस्थापनाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असते, तर हेच केलं असतं.

प्रांजलला मी मंडळाच्या कामातून थांबायला सांगितलं आहे. सगळ्या मुलांना तसं कळवलं आहे.

त्या दिवशी तूही तिथे होतीस, असं ऐकलं. ह्यात पडू नकोस. तुझ्या अभ्यासात आमचं भांडण यायला नको. तुझी पदवी तुझ्या आईवडिलांच्या कष्टाची आहे.

मार्था रणपिसे

•

विश्रामबाग, सांगली
२७ सप्टेंबर २०२४

प्रिय बाई,

तुमचं पत्र मिळालं.

होय, मी तिथे होते. काय बोलणं झालं ते सगळं ऐकलं. पण मी ते सांगू शकत नाही. बनुबाईंना मी लिहून दिलंय, की तुमचं बोलणं तुमच्या परवानगीशिवाय कुठे जाणार नाही. आता त्या घरी गेल्या आहेत. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "संशोधकाने एकदा बाजू घेतली की त्याच्या कामावर कोण विश्वास ठेवणार?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण मला झोप लागत नाही.

एवढंच विचारते. लहान तोंडी मोठा घास होतोय, तरी विचारते. काय झालं ते तुम्ही प्रांजलला विचारलंत का?

ती काल लॅबच्या बाहेर भेटली. मी म्हटलं, तू बाईंना खरं का सांगत नाहीस? तिने नुसती मान हलवली आणि मला म्हणाली, "तुझं प्रबंधाचं प्रकरण कुठपर्यंत आलं?"

तुमची,
श्रद्धा

•

पाचगणी
४ ऑक्टोबर २०२४

श्रद्धा,

विचारलं. फोन केला होता. "तू भजन म्हटलंस का?" ती म्हणाली, हो. "का म्हटलंस?" त्यावर ती गप्प. मी पुन्हा विचारलं, तरी गप्प. माझ्या नोकरीत मी पुष्कळ पोरींना असं गप्प बसलेलं पाहिलं आहे. ज्यांच्याकडे उत्तर असतं त्या देतात.

ती मला पोटच्या मुलीसारखी आहे, म्हणून तर जास्त लागलं. एकाच्या चुकीने सगळ्यांसाठी दार बंद होतं. आज कुठल्यातरी खाटेवरचा माणूस एकटा आहे, तो तिच्यामुळे. हा विषय माझ्यापुरता संपला.

मार्था रणपिसे

•

विश्रामबाग, सांगली
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय बाई,

विषय संपला म्हणालात, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

मी माणला जाऊन आले. सरांना सांगून गेले. वही घरी ठेवली होती. मंगलने वॉर्डात असताना मला तिचा नंबर दिला होता. तिला फोन करून विचारलं, आजींना बघायला येऊ का? ती म्हणाली, "या की, त्या रोज तुमची दोघींची आठवण काढत्यात." दहिवडीपर्यंत एसटीने गेले, पुढे माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपने. मनात एवढंच होतं, की आजींची परवानगी घ्यायची. त्या नको म्हणाल्या, तर परत यायचं आणि गप्प बसायचं.

शिवतेज रजेवर घरी आलेले असतील, याची कल्पना नव्हती. ते मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी नीट करत होते. मला बघून उठले नाहीत.

"तुमी त्या मंडळाच्या काय?"

"नाही. मी अभ्यास करतेय."

"कसला?"

"ती मुलं हे कशासाठी करतात, त्याचा."

"मग कळलं का?"

"अजून नाही," मी म्हटलं. खरंच तसं वाटत होतं.

"मी सांगतो," ते म्हणाले. "माझ्या आईच्या उशाला बसून ती पोरगी येशूची गाणी म्हणत हुती. मी सोता फोनवर बघितलं. माणूस पडलेला बघायचा आन् आपला देव त्याच्या गळ्यात घालायचा. मी तक्रार दिली, बंद केलं."

ओसरीवर आजी वॉकर धरून बसल्या होत्या. त्यांना ह्या तक्रारीचा पत्ताच नव्हता. त्यांनी विचारलं, "काय बंद केलं रं?"

ते खाली मान घालून जाळी ओढत राहिले. आजींनी पुन्हा विचारलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. आजी ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मीच म्हणायला लावलं तिला."

बाई, आता त्यांनीच परवानगी दिली आहे, म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिते. "मांडी ठणकत हुती. डोळ्याला डोळा लागंना. म्हटलं पोरी, जात्यावरची एखादी ओवी म्हण. तिला ओवी येत न्हवती. म्हणली, आजी, मला आमच्या चर्चमधलीच गाणी येत्यात आन् ती मी हितं म्हणत न्हाई. म्या म्हटलं, गळा तर तुझाच हाय न्हवं, म्हण. तरी म्हणंना. मग म्या रडले. तवा म्हणली. मला त्यातलं काय कळलं न्हाई, पर डोळा मिटाया लागला."

शिवतेज म्हणाले, "मग मला सांगितलं का न्हाई?"

"तू इचारलंस कवा? फोन आला, म्या उचलला, आन् तू वरडलास, ही कोन हाय, हिला भाईर काढ. ती पोरगी उठून गेली. म्या हाक मारली तरी माघारी आली न्हाई."

हे सगळं असंच घडलं होतं. तेव्हा मी वॉर्डात खुर्चीवर बसून बघत होते आणि वहीत लिहीत होते.

नंतर मंगलने जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना शिवतेज जीपच्या थांब्यापर्यंत आले. वाटेत म्हणाले, "ताई, खरं सांगू का? गाण्याचं न्हवतं. आईचा हात तिच्या हातात हुता. मी तिकडं बर्फात, रजेचा अर्ज दोनदा माघारी आलेला. फोन लावला आन् माझ्या जागंवर दुसरंच कोनतरी बसलेलं दिसलं. त्येच सहन झालं न्हाई."

जीप आली. मी चढताना ते म्हणाले, "तिचं नाव काय?" मी सांगितलं.

सरांना सगळं सांगितलंय. ते म्हणाले, "आता पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिही, की तू मध्ये पडलीस आणि का पडलीस. लपवलंस, तर मी सही करणार नाही." मी लिहायला घेतलंय.

प्रांजल गप्प का राहिली, हे मला परतीच्या वाटेवर कळलं. तुम्हालाही कळलं असेल.

तुमची,
श्रद्धा

•

पाचगणी
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय श्रद्धा,

पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण आधी मिरजेला जायचं होतं. उत्तर घेऊनच लिहावं असं ठरवलं.

शिवतेज माघारी ड्युटीवर जाण्याआधी रुग्णालयात येऊन गेला, हे तुला प्रांजलने सांगितलं असेल. तक्रार मागे घेतली आणि नुसती मागे घेतली नाही, त्याच्या आईने जे सांगितलं ते लिहूनही दिलं. वरिष्ठ डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. आता मुलांनी ओळखपत्र लावायचं आणि वॉर्डात शिरताना सिस्टरकडे नाव लिहायचं, एवढ्या अटी आहेत. अटी चांगल्या आहेत. मी पहिल्यापासूनच घालायला हव्या होत्या.

मिरजेला मी भाच्याबरोबर एसटीने गेले. गुडघे आता घाट सोसत नाहीत, पण गेले. रविवारची उपासना संपली, तरुण संघाची मुलं हॉलमध्ये थांबली होती. प्रांजल मागच्या बाकावर होती. मंडळातून थांबवल्यापासून ती तिथेच बसते, असं कळलं. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, की मी न विचारता निकाल दिला. विचारलं, तेही निकाल ठरवून विचारलं. ज्या सगळ्यांना मी तिच्याबद्दल कळवलं होतं, त्या सगळ्यांसमोर मी तिची क्षमा मागते.

मी तिला म्हटलं, "मुली, मला एकटीला तरी सांगायचंस."

ती उभी राहिली. म्हणाली, "बाई, खाटेपाशी ऐकलं ते वॉर्डाबाहेर न्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आणि आजींना आयुष्यभर त्याच मुलाच्या घरी राहायचंय. माझ्यासाठी त्यांनी त्याच्याशी भांडावं, असं मला नको होतं."

श्रद्धा, मी हे नियम केले तेव्हा ते कागदावर बरे दिसतील, एवढाच विचार केला होता. कुणी ते इतके खरे मानेल, स्वतःचं नाव जाऊ देईल, हे माझ्या मनातही नव्हतं. तू पहिल्या पत्रात प्रेरणेचे चार चौकोन दिले होतेस. ह्या मुलीसाठी कुठला चौकोन करशील, ते तू बघ.

मला वाटलं होतं, ती रडेल किंवा जवळ येऊन गळ्यात पडेल. मी तरी तशी वाट बघत होते. पण तिने शेजारच्या मुलाकडून वॉर्डात कोण कुठे बसणार त्याचा कागद घेतला आणि बघू लागली. मग म्हणाली, "बाई, तुमची परतीची गाडी किती वाजता आहे?"

मी म्हटलं, संध्याकाळी.

"मग पुरुषांच्या वॉर्डात या ना. आज एक मुलगा कमी आहे. कोपऱ्यातल्या खाटेजवळ कुणी नाही."

इतक्या वर्षांत मला कुणी ड्युटी लावली नव्हती. मी लावत होते. भाचा म्हणाला, आत्या, गुडघे. मी त्याला कॅन्टीनमध्ये बसवलं आणि गेले. गळ्यात ओळखपत्र घातलं, सिस्टरकडे नाव लिहिलं.

खाटेवर केरबा म्हणून (त्याला विचारूनच लिहिते आहे) एक म्हातारा होता, सीमेकडचा, निम्मं मराठी, निम्मं कन्नड बोलणारा. पायाला साखरेची जखम. मी स्टूल ओढून बसले. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, बाजूच्या खाटेवरच्या कुणाची तरी नातेवाईक जागा चुकून इथे बसली. वॉर्डात तिसऱ्या प्रहराचा चहा आला, त्याने कप हातात घेतला, पण पिईना. मी म्हटलं, घ्या की, गार होतोय.

शेवटी त्याने विचारलं, "बाई, तुमचं पेशंट कोणतं?"

मी म्हटलं, "तुम्ही."

त्याने कप खाली ठेवला. मग उशी जरा सरकवली, पाय आवरून घेतले आणि मला टेकायला खाटेवर जागा करून दिली.

प्रबंधात हे सगळं लिही. माझं चुकलं, तेही लिही. माझं नाव बदलू नकोस.

तुझी,
मार्थाबाई